लहान इंजिन की विद्युतघट? छंदाच्या शर्यतींचे भवितव्य

खऱ्या मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराची, सुमारे अर्धा मीटर लांबीची आणि साडेतीन किलोग्रॅमच्या आतबाहेर वजनाची मोटार मातीच्या वळणावळणाच्या मार्गावर धावत असते. तिच्यात माणूस नसतो. तिचा चालक मार्गाच्या कडेला उभारलेल्या मचाणावर उभा राहतो आणि हातातील बिनतारी यंत्राने तिची दिशा व वेग यांचे नियंत्रण करतो. अशा प्रतिमान-मोटारींच्या शर्यती हा केवळ मुलांचा खेळ नव्हे. त्यांच्या राष्ट्रीय आणि जागतिक स्पर्धा होतात आणि त्यांत भाग घेणारे बहुतेक जण प्रौढ असतात.

या मोटारी दोन प्रकारच्या असतात. एकीत ३.५ घन सेंटिमीटरचे अंतर्ज्वलन इंजिन असते, तर दुसरीत विद्युतघट आणि विजेची मोटर. लांबून पाहणाऱ्यास दोहोंत फरक दिसत नाही. तो कानांना कळतो. गेल्या काही दशकांत विजेचा प्रसार इतका झाला आहे की, लहान इंजिनाचे दिवस भरले, असे पुष्कळांना वाटते. वेगाचा विचार केला तर हे मत खोडून काढणे कठीण आहे. परंतु शर्यत म्हणजे नुसता वेग नव्हे. ती किती वेळ चालते, वाटेत इंधन भरता येते की नाही आणि ती कोठे भरवावी लागते, या तीन गोष्टींवर इंजिनाचे भवितव्य अवलंबून आहे.

रबराकडून इंजिनाकडे

लहान इंजिनांचा इतिहास प्रतिमान-विमानांपासून सुरू होतो. १९३० च्या सुमारास ही विमाने पीळ दिलेल्या रबरी पट्ट्यांच्या जोरावर उडत असत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील बिल ब्राऊन या तरुणाने तळहातावर मावेल एवढे पेट्रोलवर चालणारे इंजिन तयार केले. त्याचा सहकारी मॅक्सवेल बॅसेट याने हे इंजिन बसविलेले विमान १९३३ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरविले आणि रबरी विमानांना मागे टाकले. संयोजकांपुढे पेच निर्माण झाला. तो त्यांनी इंजिनाच्या विमानांसाठी निराळा गट करून सोडविला. परिणामी रबरावर उडणारी विमाने नामशेष झाली नाहीत; त्यांच्या जागतिक स्पर्धा अद्यापही होतात. नवी शक्ती आली म्हणजे जुनी नाहीशी होतेच असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

या पहिल्या इंजिनांत ठिणगी पाडण्यासाठी घट, तारेचे वेटोळे आणि धारित्र यांचे ओझे वाहावे लागे. १९४७ साली रे आर्डेन याने ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे ओझे उतरले. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची एक बारीक तार असते. सुरुवातीस दीड व्होल्टच्या घटाने ती लाल केली की पुरे. इंजिन सुरू झाल्यावर घट काढून घेतात. त्यानंतर प्रत्येक स्फोटाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यात मिथेनॉलवर होणारी उत्प्रेरकी क्रिया यांमुळे तार तापलेलीच राहते.

बिनतारी नियंत्रणाच्या मोटारी १९६० नंतरच्या दशकात पुढे आल्या. अमेरिकेत त्यांच्या शर्यतींचे नियमन करणारी 'रोअर' ही संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. एक-अष्टमांश मापाच्या इंजिन-मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झाली. तिच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, जपानमधील तामिया या कंपनीने पोर्शे ९३४ या गाडीचे विजेवर चालणारे प्रतिमान विक्रीस आणले होते. म्हणजे इंजिन आणि वीज यांची स्पर्धा या खेळाच्या बालपणापासूनचीच आहे.

इंधनात काय असते

इंजिन-मोटारीच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असे तीन मुख्य घटक असतात. तेलाचा अंश बहुधा एरंडेलाचा किंवा कृत्रिम तेलाचा, अथवा दोहोंच्या मिश्रणाचा असतो. जगातील बहुतांश एरंडीचे पीक भारतात, आणि त्यातही मुख्यत्वे गुजरातेत निघते. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिनेही एरंडेलावरच चालत. अतिउष्णतेतही धातूला धरून राहण्याचा या तेलाचा गुण लहान इंजिनाला उपकारक ठरतो.

नायट्रोमिथेनचे कार्य वाचकास चमत्कारिक वाटण्याजोगे आहे. एक किलोग्रॅम मिथेनॉल जळाले असता सुमारे २० मेगाज्यूल उष्णता निघते; नायट्रोमिथेनपासून जेमतेम ११. मग ते मिसळायचे कशासाठी? याचे उत्तर हवेत आहे. एक किलोग्रॅम मिथेनॉल पूर्णपणे जळण्यास सुमारे साडेसहा किलोग्रॅम हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन भरपूर असल्यामुळे त्याला १.७ किलोग्रॅम पुरते. सिलिंडरमध्ये एका फेऱ्यात मावणारी हवा ठराविकच असते. तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन कितीतरी अधिक प्रमाणात जाळता येते आणि एकंदर उष्णता दुपटीहून अधिक मिळते. या इंधनावर ३.५ घन सेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ३०,००० हून अधिक फेरे घेते.

विजेची बाजू

सुरुवातीच्या विजेच्या मोटारी निकेल-कॅडमियम घटांवर चालत. घट जड होते आणि त्यांची साठवण अल्प होती, म्हणून शर्यती चार-पाच मिनिटांतच आटोपाव्या लागत. मोटरमधील कार्बनचे ब्रश झिजत आणि ज्यावर ते घासत तो तांब्याचा दिक्परिवर्तक वारंवार तासून घ्यावा लागे.

पुढे तीन शोधांनी हे चित्र पालटले. पहिला शोध १९८० नंतरच्या दशकातील निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या अत्यंत प्रबळ चुंबकाचा. दुसरा लिथियम-आयन घटाचा, जो सोनी कंपनीने १९९१ मध्ये विक्रीस आणला. तिसरा, स्वस्त आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांचा. या तिन्हींच्या संयोगाने ब्रश नसलेली, फारशी न झिजणारी आणि स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण जोर लावणारी मोटर मिळाली. इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटरीला ती अडचण नाही. २०१४ मध्ये निक केस या अमेरिकी छंदिष्टाच्या मोटारीने यूटा राज्यात ताशी ३२५.१२ किलोमीटर वेगाची नोंद केली. ती मोटार विजेवर चालणारी होती.

हिशेब ऊर्जेचा

मग इंजिन टिकले कसे? त्यासाठी ऊर्जेचा हिशेब पाहावा लागेल. एक-अष्टमांश मापाच्या खडबडीत मार्गावरील इंजिन-मोटारीच्या टाकीत १२५ घन सेंटिमीटर इंधन मावते. त्याचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम असते आणि त्यात दीड ते दोन मेगाज्यूल उष्णता सामावलेली असते. त्याच मापाच्या विजेच्या मोटारीत १४.८ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास क्षमतेचा घटसंच घातला, तर त्याचे वजन अर्ध्या किलोग्रॅमच्या वर जाते आणि साठवण मात्र ०.३२ मेगाज्यूल असते. म्हणजे सुमारे पाचपट वजन आणि सुमारे एक-पंचमांश ऊर्जा.

इतकी तफावत असूनही एका टाकीवर आणि एका घटसंचावर दोन्ही मोटारी साधारणतः दहाच मिनिटांच्या आसपास धावतात. याचे कारण असे की, लहान इंजिन फार उधळे असते. त्याच्या सिलिंडरचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा असल्यामुळे उष्णता भिंतींवाटे निसटते. शिवाय दुहेरी धावेच्या या इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोहोचविते. इंधनाचा श्रीमंतपणा आणि यंत्राचा उधळेपणा यांची अशी फिटंफाट होते.

खरा फरक पडतो तो टाकी रिकामी झाल्यावर. टाकी पुन्हा भरण्यास काही सेकंद पुरतात. घट पुन्हा भारित करण्यास पाऊण ते एक तास लागतो. घटसंच बदलता येतो हे खरे, पण त्यासाठी मोटार थांबवून पट्टे सोडावे लागतात आणि प्रत्येक स्पर्धकास अनेक महागडे संच बाळगावे लागतात. त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या शर्यतीत विजेला तोड नाही. परंतु या इंजिन-मोटारींच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी एक तास चालते, आणि तेथे इंधन भरण्यासाठी घेतलेले थांबे हाच शर्यतीचा गाभा असतो. थांबा एक फेरी लांबणीवर टाकावा की नाही, टाकी कोरडी पडण्याचा धोका पत्करावा की नाही, हे निर्णय जय-पराजय ठरवितात.

दोरीवर फिरणाऱ्या प्रतिमान-विमानांच्या सांघिक शर्यतीत हीच गोष्ट आणखी ठळकपणे दिसते. तेथे टाकीला ७ घन सेंटिमीटरची मर्यादा असते आणि विमानाला १०० फेऱ्यांत १० किलोमीटर अंतर तोडायचे असते. उतरलेले विमान पकडून, इंधन भरून आणि पंखा फिरवून ते काही सेकंदांत पुन्हा उडविणारा यंत्रज्ञ हा तेथे वैमानिकाच्या बरोबरीचा स्पर्धक असतो.

मैदान आणि शेजार

इंजिनाला खरा धोका आहे तो मैदानांचा. शहरे पसरत गेली तशी एके काळी गावाबाहेर असलेली मैदाने वस्तीच्या मध्ये आली, आणि तीस हजार फेऱ्यांचा तो कर्कश स्वर शेजाऱ्यांना सुटीच्या दिवशी नकोसा वाटू लागला. विजेची मोटार गालिचा अंथरलेल्या बंदिस्त सभागृहातही धावू शकते. इंजिनाच्या मोटारीला तेथे धुरामुळे प्रवेश नाही.

कायद्याचाही अडसर आहे. नायट्रोमिथेनचा उपयोग स्फोटके बनविण्यासाठी होऊ शकतो. म्हणून फेब्रुवारी २०२१ पासून युरोपीय संघात वजनाने १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण परवान्यावाचून सामान्य नागरिकास विकता येत नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. अर्थात विजेची बाजूही सर्वस्वी निर्धोक नाही. लिथियमचा घट अतिभारित झाला किंवा त्याला भोक पडले तर तो पेट घेतो, आणि निकामी झाल्यावर त्याची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न उरतो.

हाताचे आणि कानाचे ज्ञान

इंजिन गेले तर त्याबरोबर जाणारी गोष्ट केवळ आवाज आणि धूर नव्हे. या इंजिनात दट्ट्याला कडी नसते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दट्ट्या आणि क्रोमियमचा मुलामा दिलेली पितळी नळी यांची जोडणी इतकी काटेकोर असते की, थंड असताना दट्ट्या वरच्या टोकाशी अडकल्यासारखा होतो; तापल्यावर पितळ अधिक प्रसरण पावते आणि मगच दोहोंत योग्य अंतर पडते. म्हणून नवे इंजिन संथपणे, भरपूर इंधन देऊन, हळूहळू रुळवावे लागते. कार्ब्युरेटरची सूचीझडप किती फिरवायची हे हवेचे तापमान आणि आर्द्रता यांवर अवलंबून असते. ती किंचित अधिक आवळली तर इंधन आणि त्यातील तेल दोन्ही कमी पडतात आणि इंजिन करपते. सैल राहिली तर ते गुदमरते. धुराची रेघ पाहून आणि स्वर ऐकून हे ओळखण्याचे कसब पुस्तकातून येत नाही. ते अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते.

विजेच्या शर्यतीतही कौशल्य आहे, पण ते निराळे. आकड्यांच्या साहाय्याने केलेली जुळणी एकाकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी देता येते. नवशिक्यास हा मार्ग सोपा, स्वच्छ आणि घराजवळचा आहे, आणि म्हणूनच छंदाच्या प्रसाराचा भार पुढील काळात विजेवरच राहील, यात शंका नाही.

इंजिन मात्र दीर्घ शर्यतींच्या आश्रयाने जगेल. तथापि हा आश्रय आपोआप मिळणारा नाही. एवढी सूक्ष्म जोडणी करणारे कारखाने ग्राहक असतील तोवरच चालतात, आणि ग्राहक मैदाने असतील तोवरच असतात. दोन्ही शक्तींना एकाच शर्यतीत झुंजविण्यापेक्षा प्रत्येकीला आपापला गट आणि आपापले अंतर देणे, तसेच वस्तीपासून दूर असलेली थोडी मैदाने राखून ठेवणे, हे संघटनांच्या हाती आहे. १९३३ नंतर रबरी विमानांच्या बाबतीत जो निर्णय झाला, तोच लहान इंजिनाच्या बाबतीत होतो की नाही, यावर त्याचे आयुष्य ठरेल.