चुना, सिमेंट आणि लामत्याची भिंत

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने गवंडीकामावर लेख द्यावा, हे आमच्या संपादकांना थोडे चमत्कारिक वाटले. पण वर्गात चुन्याची निवळी दाखवताना माझ्या डोळ्यांपुढे परीक्षानळी नसते, आमच्या घराची मागची भिंत असते. त्या भिंतीची मी केलेली दुर्दशा आणि तिचे कारण, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमचे घर मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, लामता येथे. बालाघाटहून रेल्वेने नैनपूरकडे जाताना हे स्टेशन लागते. पूर्वी तिथे छोटी गाडी होती, आता मोठी लाईन झाली आहे. घर आजोबांनी बांधलेले. विटा गावच्या भट्टीतल्या, म्हणजे काही चांगल्या भाजलेल्या, काही कच्च्या. आणि दर्जांमध्ये चुना.

2016 च्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा त्या दर्जा बोटभर खोल झिजल्या होत्या. आई म्हणाली, "पावसाच्या आधी बुजवून घे." मी विचार केला, माल जितका कडक तितकी भिंत टिकाऊ. सिमेंटची पोती आणली आणि एकास चार या प्रमाणात माल करायला लावला. काम देखणे झाले. मीच चार लोकांना नेऊन दाखवले!

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी पाहतो तो सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा उभ्या आणि मधल्या विटांची तोंडे पापुद्रे सुटून आत गेलेली. जागोजाग पांढरा लोणा. गावातले एक म्हातारे मिस्त्री आले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, माल विटेहून जबर झाला ना. आता वीटच झडन."

पुढे पुस्तके उघडली तेव्हा त्यांचेच म्हणणे आकड्यांत सापडले. भारतीय मानकाप्रमाणे साध्या भाजक्या विटेचा सर्वांत खालचा वर्ग दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो दाब सोसणारा असतो. एकास सहा प्रमाणाचा सिमेंटचा माल सुमारे 30 किलो सोसतो, एकास तीनचा सुमारे 100. आमच्या जुन्या विटा त्या खालच्या वर्गातही बसतील की नाही, कोण जाणे.

पण खरे दुखणे दाबाचे नव्हे, पाण्याचे आहे. पावसात भिंत पाणी पिते आणि नंतर ते उडून जायला वाट शोधते. चुन्याची दर्ज सच्छिद्र असते. ओल तिच्यातून निघून जाते. घट्ट सिमेंटने ती वाट बंद केली की ओल विटेच्या तोंडातून बाहेर पडते. पाण्यात विरघळलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साठतात, फुगतात आणि पापुद्रा ढकलून देतात. दर्ज झिजली तर पुन्हा भरता येते. झिजलेली वीट भरून येत नाही.

आता माझी दुसरी चूक. मी सांगितले एकास चार, पण भिंतीत गेले जवळजवळ एकास तीन. कारण रेती ओली होती. ओलसर रेतीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त, फुगते. घमेले भरलेले दिसते, रेती मात्र कमी. याची परीक्षा घरी करता येते. काचेच्या बरणीत ओलसर रेती खुणेपर्यंत सैल भरावी, मग ती बुडेल इतके पाणी ओतून ढवळावे. पूर्ण भिजलेली रेती कोरड्या रेतीइतकीच जागा घेते, म्हणून ती खाली बसते. जितकी बसली तितकी मापात वाढवून घ्यावी. त्याच बरणीत चिमूटभर मीठ टाकून हलवून ठेवली तर गाळाचा थर वर वेगळा दिसतो. तो जाड दिसला तर रेती धुऊन घ्यावी, नाहीतर माल विटेला धरत नाही.

दुरुस्ती दुसऱ्यांदा केली ती अशी. आधी छिन्नीने हलक्या हाताने सिमेंट काढले. यात काही विटा गेल्याच. मग एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग रेती. पोत्यातला विरलेला चुना आदल्या रात्री पाण्यात भिजत घातला, तो सकाळी लोण्यासारखा झाला. (कळीचा चुना घरी विरवण्याच्या भानगडीत विद्यार्थ्यांनी पडू नये, पाणी उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो.) सिमेंट आणि रेती कोरडीच एकरंगी होईपर्यंत फावड्याने परतली, नंतर चुना आणि बेताचे पाणी. सिमेंट असलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. सुकू लागलेल्या मालात वरून पाणी घालून तो जिवंत होत नाही. दर्ज रुंदीच्या दुप्पट खोल कोरावी, झाडावी, पाण्याने भिजवावी आणि थापीने माल आत दाबावा. वरून नुसता फासलेला माल पहिल्या पावसात गळतो. नंतर आठवडाभर ओले गोणपाट.

चुना मात्र आठवड्याने संपत नाही. हवेतला कर्बवायू घेऊन त्याचा हळूहळू पुन्हा चुनखडक होत राहतो. निवळीत फुंकर मारल्यावर ती पांढरी होते, तीच ही क्रिया, भिंतीत वर्षानुवर्षे चाललेली. बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळून चुना तिथे पुन्हा साकळतो, असा त्याचा आणखी एक गुण.

आमच्याकडे चिखलाच्या मालाला 'गारा' म्हणतात. इथे कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांना हे सांगितले तर ते हसले. त्यांच्याकडे गवंडीकामालाच 'गारे केलस' म्हणतात, आणि चुन्याला 'सुण्ण'. त्यांच्या घराच्या भिंतींत काय भरले आहे, हे मी अजून विचारलेले नाही.

लामत्याच्या भिंतीवर नवा लोणा दिसलेला नाही. न्हाणीजवळचा एक कोपरा मात्र मी सिमेंटचाच राहू दिला आहे, कारण तिथले सिमेंट काढताना विटाच हातात येऊ लागल्या. तो कोपरा या दिवाळीच्या सुट्टीत नव्या विटा लावून करायचा आहे.