गॅस भरण्याआधी

एप्रिल उजाडला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या मोटार-एसीच्या दुकानांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. अल्टो, वॅगन-आर, क्विड, टियागो, एखादी जुनी सँट्रो. बहुतेक मालकांची तक्रार एका वाक्यात संपते, "गॅस कमी झालाय, भरून द्या." दुकानदारही सहसा वाद घालत नाही. गेज लावतो, गॅस सोडतो, पैसे घेतो. चार दिवस गाडी गार होते, निदान तसे वाटते. मग नवतपा सुरू होतो, पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पुन्हा तेच रडगाणे.

गॅस वापरून संपत नाही, ही गोष्ट या गर्दीत कोणी फारसे सांगत नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये त्याच त्या फेऱ्या मारत असतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढेच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गळती नसेल, तर गाडी गार न होण्याचे कारण दुसरेच आहे. छोट्या गाड्यांत अशी दुसरी कारणे बरीच सापडतात आणि त्यांतली काही घरच्या घरी, पाण्याच्या नळीने दूर होण्यासारखी असतात.

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. डॅशबोर्डमागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात गॅसचा द्रव शून्याच्या थोड्याच वरच्या तापमानाला उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरकडे ढकलतो. तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन वाफेचा पुन्हा द्रव होतो. खरी गोम इथेच आहे. ४५ अंशांच्या हवेला उष्णता द्यायची तर कंडेन्सर तिच्यापेक्षा बराच तापलेला हवा, म्हणजे साठीच्या आसपास. आर-१३४ए हा सध्याच्या बहुतेक गाड्यांतला गॅस या तापमानाला सुमारे २३० पीएसआय दाबावर असतो. कंडेन्सर ४५ अंशांवर काम करत असेल, तर हाच दाब दीडशेच्या आसपास राहतो. त्यामुळे ज्या दिवशी एसीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवशी त्याची दमछाक होते. मे महिन्यातल्या दुपारी व्हेंटमधून येणारी हवा जानेवारीइतकी बोचरी नसेल, तर तो दरवेळी बिघाडच असतो असे नाही.

छोट्या गाडीच्या एसीची क्षमता तशी कमी नसते. ती साधारण एक टनाच्या आसपास असते, म्हणजे घरातल्या लहान खोलीला पुरेल इतकी. पण खोलीला चारी बाजूंनी काचा नसतात आणि वर पत्रा तापत नसतो. दुपारच्या स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास उष्णता पडते, आणि पुढची एकटी काचच जवळपास तेवढ्या आकाराची असते. आत बसलेला प्रत्येक माणूस शंभरेक वॉटची भर घालतो. त्यातच कॉम्प्रेसर फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर. हायवेवर तो जोमात असतो, पण सिग्नलला इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर आले की तोही मंदावतो. लाल दिव्यापाशी एसी 'सोडून देतो' ही तक्रार म्हणूनच छोट्या गाड्यांत इतकी ऐकू येते.

इंजिन आणि एसीची ही ओढाताण जुनीच. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार बाजारात आणली, तेव्हा त्या यंत्रणेने डिकीतली बरीच जागा खाल्ली होती. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीपर्यंतही जेमतेम पोचणारी. त्यातली दोन-तीन अश्वशक्ती एसीने मागितली की ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी मालकाच्या तोंडाकडे बघायची. एसीचे बटण बंद करून ओव्हरटेक करण्याची सवय त्या पिढीला तिथूनच लागली. आता पेडल पूर्ण दाबले की बऱ्याच गाड्यांतला कॉम्प्युटर कॉम्प्रेसरला स्वतःच काही क्षण सुट्टी देतो.

हे सगळे लक्षात घेतले तर उपायांचा क्रम आपोआप ठरतो. पहिले काम, उष्णता आत येऊच न देणे.

उन्हात उभी गाडी किती तापते, याची नीट मोजणी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी शहरी झाली आहे. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अडतीस अंशांपलीकडच्या दिवसांत तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली. डॅशबोर्ड ६९ अंशांवर, स्टिअरिंग ५३ अंशांवर, सीट ५१ अंशांवर. सावलीतल्या गाड्यांत डॅशबोर्ड ४८ आणि हवा ३८ अंशांवरच राहिली. हवेतल्या नऊ अंशांपेक्षा डॅशबोर्डमधला एकवीस अंशांचा फरक महत्त्वाचा. हवा काच उघडली की निघून जाते, पण तापलेले प्लॅस्टिक आणि फोम पुढची वीस मिनिटे उष्णता ओकत राहतात आणि एसीला तीही ओढून काढावी लागते. पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी सनशेड म्हणूनच इतका कामाचा. काचा बोटभर उघड्या ठेवण्याने मात्र फारसा फरक पडत नाही. कॅलिफोर्नियात झालेल्या २००५च्या अभ्यासात हे दिसले आहे.

रंगाचाही हिशेब आहे. बर्कले येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने काळी आणि चंदेरी अशा दोन होंडा सिव्हिक शेजारी शेजारी उन्हात उभ्या केल्या. चंदेरी गाडीचे छत काळ्यापेक्षा पंचवीस अंशांपर्यंत कमी तापले आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी गार राहिली. विदर्भात काळी हॅचबॅक विकत घेणाऱ्याने एवढे तरी माहीत असू द्यावे.

काचेच्या फिल्मचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती अडवणारी, पण आरपार स्वच्छ दिसू देणारी चांगली फिल्म मिळते. नुसती काळी फिल्म म्हणजे मुख्यतः अंधार. कायद्याचे म्हणाल तर पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये वरून फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली होती. नंतर नियम बदलला आणि २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने हे प्रमाण पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही असे म्हटले. तरीही चौकातल्या हवालदाराशी हुज्जत घालायची नसेल, तर फिल्मचे प्रमाणपत्र गाडीत ठेवलेले बरे.

गाडी तापलेलीच असेल तर काय करावे? बरेच लोक आत बसतात, काचा लावतात, एसी पूर्ण वेगाने सोडतात आणि घाम पुसत बसतात. जपानच्या मोटार महासंघाने, म्हणजे जाफने, याची तुलना करून पाहिली. आत ५५ अंश असताना काचा उघड्या ठेवून, बाहेरची हवा घेत, एसी लावून गाडी चालवायला घेतली आणि गरम हवा निघून गेल्यावर काचा लावून आतली हवा फिरवणारे बटण दाबले. पाच मिनिटांत तापमान २८ अंशांवर आले. गाडी उभीच ठेवून नुसत्या एसीने तिथवर यायला दहा मिनिटे लागली. एका बाजूची काच उघडून समोरचे दार पाच-सहा वेळा उघड-बंद करायचे, हा वेडगळ दिसणारा उपायही अर्ध्या मिनिटात सात-आठ अंश उतरवून गेला. गाडी गार झाल्यावर आतलीच हवा फिरवत ठेवावी, लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून ताजी घ्यावी. छोट्या गाड्यांत मागच्या सीटसाठी व्हेंट बहुधा नसतात. पुढचे मधले व्हेंट पोटावर न रोखता वर, छताच्या दिशेने वळवले तर गार हवा मागे पोचते आणि मागची मंडळी कुरकुरत नाहीत.

आता बॉनेटकडे वळू. बॉनेट उघडायचीही गरज नाही, जाळीतून बॅटरीचा प्रकाश टाकला तरी पुष्कळ कळते. कंडेन्सरच्या बारीक पापुद्र्यांत धूळ, मेलेले किडे, पॉलिथीनचे तुकडे, वाळलेला चिखल अडकलेला असतो. हवा आरपार गेली नाही तर उष्णता जाणार कुठे? इंजिन गार असताना साध्या नळीने, कमी दाबाने पाणी मारून तो धुवावा. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा पापुद्रे वाकवतो आणि होते त्याहून वाईट करून ठेवतो. पुढे बसवलेले जाडजूड गार्ड, जास्तीचे दिवे, जाळीवर आडवी लावलेली शोभेची पट्टी हे सगळे वारा अडवते. बंपर एकदा ठोकून दुरुस्त झाला असेल तर कंडेन्सरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे आडोसे परत बसवले आहेत का, ते जरूर पाहावे. ते नसले की उभ्या गाडीत इंजिनाकडची तापलेली हवा वळसा घेऊन पुन्हा कंडेन्सरच्याच तोंडात येते.

मग फॅन. एसी लावल्यावर पुढचा फॅन फिरायला हवा आणि नेटाने फिरायला हवा. ब्रश झिजलेला फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. जाणते मॅकेनिक यासाठी एक सोपी परीक्षा करतात. गाडी जागेवर चालू ठेवून कंडेन्सरवर हलकेच पाणी शिंपडायचे. व्हेंटमधली हवा लगेच गार झाली तर दोष गॅसचा नाही, फॅनचा किंवा अडलेल्या वाऱ्याचा आहे.

ज्या दोषाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते तो आहे हीटर. वैशाखात हीटरची आठवण कोणाला येणार! पण डॅशबोर्डमागे इंजिनाच्या ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्याचा एक छोटा रेडिएटर असतो आणि त्याच्या तोंडाशी एक झडप. तिचा फोम कुजला किंवा केबल सैल झाली, की गार हवेत गरम हवा मिसळत राहते. याची खूण अशी की गाडी सुरू केल्यावर पहिली दोन-चार मिनिटे हवा छान गार येते आणि इंजिन तापले की कोमट होते. हीटरकडे जाणारी पाण्याची नळी क्षणभर आवळून धरली आणि हवा पुन्हा गार झाली, तर चोर सापडला. उन्हाळ्यापुरते हीटरचे पाणी बंद ठेवण्यासाठी काही मॅकेनिक नळीवर छोटा कॉक बसवून देतात. चारशे-पाचशे ग्रॅम गॅस भरून घेण्यापेक्षा हा कॉक कितीतरी उपयोगाचा ठरतो.

कूलिंग कॉइल मात्र नजरेआड असते. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत केबिन फिल्टर दिलेलाच नसतो, त्यामुळे सगळी धूळ थेट कॉइलवर जाऊन बसते. आतला फॅन चारवर असूनही वारा दोनचा येतो. कधी कॉइलवर बर्फ धरतो. तासभराच्या प्रवासानंतर वारा हळूहळू बसतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो, हे त्याचे लक्षण. किनाऱ्याकडच्या मंडळींना यात आणखी एक भार सोसावा लागतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यातच जाते. गाडीखाली टपटपणारे पाणी तेच. ते टपकायचे थांबले आणि पायाखालची चटई ओली होऊ लागली, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

एवढे सगळे ठीक असेल, तर गॅसकडे जायला हरकत नाही. पण अंदाजाने 'टॉप-अप' करून घेऊ नये. किती गॅस लागतो ते बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. छोट्या गाडीत तो साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम असतो. त्यात पन्नास-शंभर ग्रॅम जास्त झाले तरी कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो. आधी नायट्रोजन भरून गळती शोधावी, ती बुजवावी, मग अर्धा तास तरी व्हॅक्युम पंप चालवून आतली हवा आणि ओल काढावी. हवा राहिली तर दाब विनाकारण चढतो, ओल राहिली तर कूलिंग कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी बर्फ धरतो. जुना गॅस मशीनमध्ये ओढून घेणारे दुकान असेल तर उत्तम. एक किलो आर-१३४ए हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात तो तेराशे-चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो. हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली करारावर भारताने २०२१मध्ये शिक्कामोर्तब केले आहे.

दुकानातून निघताना बिलावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: गळती कुठे होती, व्हॅक्युम किती वेळ दिला आणि वजनकाट्यावर किती ग्रॅम गॅस भरला. तिथेच मधल्या व्हेंटमध्ये एक साधा थर्मामीटर खोचून आकडा पाहावा आणि त्या दिवशीच्या बाहेरच्या तापमानासकट तोही त्याच कागदावर टिपून ठेवावा.