वाटाण्याचा अंकुर आणि पडद्यावरचा चेंडू



दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरलात की दादासाहेब फाळके मार्ग लागतो. ही पाटी तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. याच दादरमध्ये फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांसमोर आला. एवढे तुम्हांला ठाऊक असतेच. पण त्याच्या आधी त्यांनी एक अगदी छोटा पट तयार केला होता. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती; होता फक्त एक वाटाणा!

१९११ साली फाळके यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला आणि असे पट आपणही काढायचे हे मनाशी ठरवले. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. कॅमेरा मागवला. आता हवे होते भांडवल. पण हलती चित्रे कशी तयार होतात हेच ज्यांना ठाऊक नाही, ते पैसे कसे देणार? फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने त्याची चित्रे टिपली. ती सलग दाखवताच सुमारे एका मिनिटात बी रुजले, कोंब वर आला आणि वेल वाढला! या पटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. तो पाहून पैसे देणारे पुढे आले. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

हलते काहीच नाही!

या पटातली गंमत लक्षात आली का? पडद्यावर हलणारे असे काहीच नव्हते. होती ती एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. समजा, सेकंदाला १६ चित्रे दाखवायची आहेत. मग एका मिनिटाला १६ × ६० म्हणजे ९६० चित्रे लागतील. ती ३० दिवसांत घ्यायची तर दिवसाला ३२ घ्यावी लागतील. दोन शेजारच्या चित्रांत फरक इतका थोडा असतो, की आपला मेंदू ती जोडून घेतो आणि ‘हे हलते आहे’ असे ठरवून टाकतो. वहीच्या कोपऱ्यांवर माणूस काढून पाने भराभर उलटलीत, की हाच अनुभव येतो. पुढे १९१५ मध्ये फाळके यांनी याच युक्तीने काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. त्या पटाचे नाव ‘आगकाड्यांची मौज’.

आज हेच काम तुम्हांला स्वतः करता येईल. कुंडी नको, कॅमेरा नको. एक संगणक आणि वेबपाने दाखवणारा ब्राउझर एवढे पुरे. एके काळी हेही सोपे नव्हते. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफरॅक’ हा आपल्या देशात घडवलेला संगणक चालू झाला. त्याची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती, म्हणजे १०,२४० बाइट. आपण आज पडद्यावर जे ४०० × ३०० बिंदूंचे रंगीत चित्र काढणार आहोत, त्याच्या प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर ४,८०,००० बाइट लागतात. त्या संगणकाच्या स्मृतीत असल्या चित्राचा सुमारे सत्तेचाळिसावा भागच मावला असता! तुमच्या शाळेतला जुन्यात जुना संगणकही त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

चाळीतला झेल

चला तर, एक खेळ रचू या. गिरगाव किंवा लालबागच्या चाळीत क्रिकेट चालू आहे. चेंडू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेला. वरच्या काकूंनी तो खाली टाकला. खाली उभ्या असलेल्या खेळाडूने तो झेलायचा. बस्स, एवढाच खेळ.

पडदा ४०० बिंदू रुंद आणि ३०० बिंदू उंच धरा. भूमितीच्या तासाला आरंभबिंदू मध्यभागी असतो आणि वर जाताना ‘य’ वाढतो. पडद्यावर मात्र आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली येताना ‘य’ वाढतो. नवशिका पहिल्या दिवशी येथेच फसतो, म्हणून हे आधीच ध्यानात ठेवा.

आता चेंडूसाठी तीन संख्या हव्यात: ‘क्ष’ म्हणजे तो डावीकडून किती दूर आहे, ‘य’ म्हणजे वरून किती खाली आहे आणि ‘वेग’. सुरुवातीला य शून्य आणि वेगही शून्य. संगणकाला सांगायचे ते असे:

१. पडदा पुसून टाक.
२. वेगात १ मिळव.
३. य मध्ये वेग मिळव.
४. चेंडू जमिनीला लागला का, ते तपास.
५. चेंडू आणि खेळाडू काढ.
६. पुन्हा पहिल्या पायरीवर ये.

ब्राउझर हे सारे साधारणपणे सेकंदाला ६० वेळा करतो. हीच आपली आज्ञावली. कागदावर ताळा करून पाहा. वेग होत जातो १, २, ३, ४, ५. तर य होतो १, ३, ६, १०, १५. या संख्या ओळखीच्या वाटतात ना? या त्रिकोणी संख्या. चोविसाव्या चित्रात य = २४ × २५ ÷ २ = ३००, म्हणजे चेंडू बरोबर जमिनीवर!

आता भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. स्थिर अवस्थेतून निघालेल्या वस्तूने कापलेले अंतर = अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग. त्वरण १ आणि काळ २४ धरला तर उत्तर येते २८८. मग आपले ३०० चुकले का? निसर्गात वेग क्षणोक्षणी वाढतो. आपण तो टप्प्याटप्प्याने वाढवला. टप्पे जितके बारीक कराल, तितका हा फरक कमी होईल. संगणकाने काढलेले उत्तर डोळे मिटून खरे मानू नये, ते यासाठीच.

आणखी एक अडचण. २४ चित्रे म्हणजे २४ ÷ ६० = ०.४ सेकंद. एवढ्या वेळात झेल कोण घेणार? म्हणून दुसऱ्या पायरीत १ ऐवजी ०.१ मिळवा. आता जमीन गाठायला ७७ चित्रे लागतात, म्हणजे सव्वा सेकंदाहून किंचित अधिक. खेळात गंमत येते ती अशी हिशेबातून.

पट ऐकू लागतो

फाळके यांचा वाटाणा प्रेक्षकांचे ऐकत नव्हता. कोणी कितीही ओरडले तरी वेल वाढायचा तसाच वाढे. खेळ आणि चित्रपट यांतला भेद हाच. खेळात प्रत्येक नवे चित्र काढण्याआधी संगणक विचारतो, ‘खेळणाऱ्याचे बोट आता कोठे आहे?’ त्या बोटाचा किंवा माउसचा ‘क्ष’ तोच आपल्या खेळाडूचा ‘क्ष’.

झेल घेतला की नाही, हे कसे ठरवावे? चेंडू जमिनीशी आला त्या वेळी चेंडूचा क्ष आणि खेळाडूचा क्ष यांची वजाबाकी करा. तिचे केवल मूल्य ४० पेक्षा कमी असेल तर झेल. नाहीतर चेंडू उसळू द्या. उसळण्यासाठी वेगाला -०.८ ने गुणा: चिन्ह बदलले म्हणून दिशा उलटली, आणि संख्या घटली म्हणून उडी लहान झाली. ‘एक टप्पा आउट’ हा गल्लीतला नियम तर तुम्हांला पाठच असेल. थेट झेलाला दोन गुण, टप्प्यानंतरच्या झेलाला एक!

चेंडू जमिनीत का रुतला?

एवढे केलेत की बहुधा एक विचित्र प्रकार दिसेल. काही उड्यांनंतर चेंडू जमिनीखाली जाऊन थरथरत राहील. घाबरू नका, कागद घ्या. पहिल्यासारखी दर चित्राला १ ची वाढ धरा. य २९९ आहे आणि वेग वाढून १० झाला. पुढच्या चित्रात य झाला ३०९, म्हणजे चेंडू जमिनीच्या ९ बिंदू आत. वेग उलटून -८ झाला. त्यात १ मिळवून -७. म्हणून य झाला ३०२. अजून तो जमिनीखालीच! संगणक पुन्हा ‘लागला’ असे समजतो, वेग पुन्हा उलटवतो, आणि चेंडू ३०८.६ वर, म्हणजे परत खाली जातो. उपाय एका ओळीचा आहे: वेग उलटवण्याआधी य ला ३०० वर आणून ठेवा.

संगणकाने चूक केली नव्हती. आपण सांगितले तेच त्याने तंतोतंत केले होते. आपले सांगणे कोठे अपुरे पडले, हे एकेका चित्राचा हिशेब मांडून शोधणे म्हणजेच आज्ञावली लिहायला शिकणे. जुन्या, संथ संगणकावर सेकंदाला ३० च चित्रे निघाली तर तुमचा चेंडू निम्म्या गतीने पडेल. त्यावर काय तोड काढाल? चित्रे मोजायची, की घड्याळ पाहायचे? विचार करा.

कोठून सुरुवात करावी?

अगदी नवखे असाल तर ‘स्क्रॅच’ घ्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने २००७ मध्ये ते मुलांसाठी खुले केले. त्यात आज्ञा ठोकळ्यांसारख्या जोडायच्या असतात. त्यानंतर जावास्क्रिप्ट शिका. वेबपानांना चालना देणारी ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये रचली. तिचा पहिला नमुना त्यांनी दहा दिवसांत तयार केला होता. ‘पी-फाइव्ह’ हा तयार आज्ञांचा संच जोडीला घेतलात, तर चित्र काढणे फार सोपे होते. एक आनंदाची गोष्ट म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये भाषेचे ठरलेले शब्द इंग्रजी असले, तरी तुम्ही ठरवलेल्या संख्यांची नावे देवनागरीत लिहिता येतात. ‘वेग’ आणि ‘गुण’ ही नावे तशीच चालतात. अंक मात्र इंग्रजीच लिहावे लागतात.

शाळेत संगणक अपुरे असले तर शिक्षकांनी हा खेळ वर्गाच्या लाद्यांवर घ्यावा. एक विद्यार्थी चेंडू, एक खेळाडू, एक फळ्यावर य आणि वेग लिहिणारा. गुरुजींनी टाळी वाजवली की एक चित्र पुढे. चेंडू झालेला मुलगा १, २, ३ लाद्या सरकू लागला, की त्वरण म्हणजे काय ते वर्गाला निराळे सांगावे लागणार नाही.

पहिल्याच दिवशी मोटारींच्या शर्यतीचा खेळ करायला निघू नका. तो अर्धवट राहील आणि तुमचा हिरमोड होईल. आधी एक चेंडू नीट पाडा, नीट उसळवा, झेला. फाळके यांनीही हरिश्चंद्राच्या आधी वाटाणाच पेरला होता.

करून पाहा

१. चेंडू दर वेळी गॅलरीच्या निराळ्या ठिकाणाहून कसा पडेल?
२. पाच झेल झाले की दुसऱ्या पायरीतली संख्या थोडी वाढवा. खेळ कोणत्या संख्येला अशक्य होतो?
३. वेगाला -०.८ ऐवजी -१ ने, आणि मग -१.१ ने गुणा. काय होईल ते आधी वहीत लिहा, मग पडद्यावर पाहा.