अभ्यासाने आस्वाद मरतो काय?

साहित्याचा अभ्यास केला की वाचनातला आनंद मरतो, हे विधान विद्यार्थ्यांकडून ऐकू येते, प्राध्यापकांकडूनही ऐकू येते. मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. माझे म्हणणे असे की, या विधानातला 'आनंद' हा शब्दच आधी तपासला पाहिजे.

संस्कृत काव्यशास्त्राने काव्यानंदाला 'ब्रह्मानंदसहोदर' म्हटले. दुःखाचे चित्रणही सहृदयाला आनंदच देते, असे त्या शास्त्राचे सांगणे. हा सहृदय त्या दुःखापासून दूर, सुरक्षित बसलेला आहे. ज्याच्या पाठीवर तेच वळ आहेत त्याने कोणता आनंद घ्यावा? शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात हा आनंदवाद नाकारला आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता या मूल्यांची कसोटी पुढे ठेवली.

शिवाय, घरात पुस्तकांचे कपाट असलेल्या मुलाला वाचनाची गोडी आधी लागते, अभ्यास मागाहून येतो. म्हणून त्याला काही हिरावल्यासारखे वाटते. आमच्याकडे क्रम उलटा आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा निजामी राजवट जाऊन जेमतेम दोन वर्षे होत होती. आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत पहिले पुस्तक आले ते शाळेचे क्रमिक पुस्तक. त्याआधी ओवी होती, जलसा होता. पण ते ऐकण्याचे धन. छापील अक्षराचे सुख आम्हाला अभ्यासानेच दिले.

वर्गातला अनुभव सांगतो. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) शिकवताना मी मुलांना शब्दापासून सुरुवात करायला सांगतो. घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा: खळ्यावर बलुतं कसे मिळे, कोण आधी नेई, कोणाच्या पदरात मातेरे पडे, येसकराची भाकर कशी मागितली जाई. मुले ऐकून येतात, आणि पुस्तकाचे नावच त्यांना बोचू लागते. मग निवेदनाकडे वळायचे. त्या पुस्तकात दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो. एकच माणूस, दोन नावे. परिभाषेत याला निवेदनतंत्र म्हणतात. ते उलगडल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मला घरी वेगळ्या नावानं हाक मारतात. हजेरीत दुसरंच आहे. कॉलेजात कुणी घरच्या नावानं हाक मारली तर मी ओ देत नाही." वर्ग गप्प झाला. त्या आठवड्यात तिने पुस्तक पुन्हा वाचले. तिला झाले त्याला आनंद म्हणावे की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही; पण ते अभ्यासाने मारले नाही, अभ्यासानेच जागे केले.

आस्वाद मारते ते गाइड. 'दलित आत्मकथनाची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला वास्तवता, बोलीभाषा, विद्रोह हे तीन शब्द पाठ असले की भागते. 'उपरा' (१९८०) असो की 'अक्करमाशी' (१९८४), उत्तर तेच. एकात पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा कैकाडी समाज आहे. दुसऱ्यात आपला बाप कोणता, गाव कोणते, या प्रश्नाने सोललेला मुलगा. उत्तरपत्रिकेत दोघे एकाच मापाचे! मर्ढेकरांचे संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियमही असेच घोकले जातात, एकही कविता न वाचता.

आणि कार्यकर्त्यांनी रागावू नये, पण भाषणापुरते वाक्य उचलून पुस्तक मिटणारा आपला वाचकही गाइडवाल्याचाच भाऊ. त्याला घोषणा सापडते, दगडू सापडत नाही.

अभ्यासमंडळांवर आता आपली माणसे आहेत. त्यांनी वैशिष्ट्ये विचारणे थांबवावे. 'दगडूने सांगितलेले दया पवारांना कुठे ऐकवत नाही?' असे विचारावे. याचे उत्तर कोणत्याही गाइडात नाही. तपासणाऱ्यालाही मग पुस्तक वाचावे लागेल, ही अडचण आहे खरी.