फुगा, जाळी आणि काळाची कसोटी

मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा मानेतल्या दोन कॅरोटिड धमन्या वाहून नेतात. जबड्याखाली या धमनीला फाटा फुटतो, तिथे चरबीचा थर साचून वाट अरुंद होते. त्या थराचा कण किंवा रक्ताची गुठळी सुटून मेंदूत अडकली, की पक्षाघात होतो. धमनी उघडून हा थर काढण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाली. १९९१ मध्ये ‘नासेट’ चाचणीने तिचे मोल सिद्ध केले. लक्षणे दिसलेल्या, तीव्र अरुंदी असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्के जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण ९ टक्के होते.

मानेवर चिरा न देता, मांडीतल्या धमनीतून फुगा नेऊन वाट मोकळी करता येईल, ही आशा १९८० च्या सुमारास जर्मनीतील क्लाउस माथियास यांच्यासारख्या डॉक्टरांनी जागवली. तिची पहिली मोठी परीक्षा ‘कॅव्हाटास’ चाचणीत झाली. ५०४ रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर फुग्याचे उपचार; फुग्याच्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्यालाच धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली गेली. पहिल्या महिन्यातला पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका दोन्हीकडे सारखाच, दहा टक्क्यांच्या आसपास होता. खरा फरक पुढे दिसला. पाच वर्षांत फुग्याच्या गटात सुमारे ३१ टक्के धमन्या पुन्हा तीव्र अरुंद झाल्या किंवा बंद पडल्या, शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे साडेदहा टक्के. जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण नुसत्या फुग्याच्या निम्म्याहून कमी होते. नुसता फुगा मागे पडला, तो यामुळे.

मग कस लागला जाळीचा. ‘आयसीएसएस’ चाचणीत १,७१३ रुग्ण होते. जाळीनंतर पाच वर्षांत कोणताही पक्षाघात होण्याचे प्रमाण १५.२ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ९.४ टक्के. वाढलेले झटके मुख्यतः सौम्य होते. प्राणघातक किंवा अपंग करणारा पक्षाघात दोन्हीकडे साडेसहा टक्क्यांच्या घरात राहिला. अमेरिका-कॅनडातील ‘क्रेस्ट’ चाचणीत जाळी बसवताना पक्षाघात अधिक, तर शस्त्रक्रियेत हृदयविकाराचे झटके अधिक दिसले. उपचाराच्या आसपासचा तो काळ सुखरूप पार पडल्यावर मात्र दहा वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण जाळीनंतर ६.९ आणि शस्त्रक्रियेनंतर ५.६ टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरीचे होते.

या साऱ्या आकड्यांचा मला उमगलेला अर्थ असा : जाळीची खरी जोखीम पहिल्या महिन्यात एकवटलेली असते, टिकाऊपणात जाळी कमी पडत नाही. म्हणून निवड वयावर, धमन्यांच्या वळणांवर आणि डॉक्टरांच्या सरावावर ठरायला हवी. सत्तरीनंतर धमन्या कडक आणि वेड्यावाकड्या होतात, जाळी नेणारी तार पुढे सरकवतानाच कण सुटू शकतात. अशा रुग्णाला बहुधा शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित. हृदय दुबळे असेल किंवा मानेवर पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर जाळीचे पारडे जड होते.

आणि उपचार कोणताही असो, तो धमनीच्या जेमतेम काही सेंटिमीटरांचा असतो. आजार साऱ्या शरीरातल्या धमन्यांचा असतो. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर ताबा, तंबाखूला कायमची सोडचिठ्ठी, नियमित गोळ्या आणि ठरावीक अंतराने डॉपलर तपासणी, हे सारे झाले तरच चाचण्यांनी दाखवलेली ती दहा वर्षे रुग्णाच्या पदरात पडतील.