सायलेंट ऑब्झर्व्हर आणि माहितीची तिजोरी

२००१ च्या जनगणनेने कोल्हापूर जिल्ह्याला मान खाली घालायला लावली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली, असा तो आकडा होता. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ मध्येच झाला होता. पण सोनोग्राफीच्या खोलीत काय घडते, हे पाहणार कोण?

तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने जिल्ह्यात दोन उपाय झाले. सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्यात आले. तपासणीवेळी पडद्यावर दिसणारी प्रतिमा त्यात आपोआप साठते. दुसरा उपाय म्हणजे गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ फॉर्म’ ऑनलाइन भरणे. या फॉर्ममध्ये नाव, वय, पत्ता, आधीचे मुलगे किती, मुली किती, सोनोग्राफी कशासाठी, हे सारे असते.

रेडिओलॉजिस्टांची संघटना याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो, हा एक आक्षेप होता. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि दोन्ही उपाय कायम ठेवले. मात्र निकालात नोंदवलेली एक बाब आज अधिक महत्त्वाची वाटते. सायलेंट ऑब्झर्व्हरमधील प्रतिमा कोणत्याही सर्व्हरवर जात नाहीत, त्या यंत्रापाशीच राहतात. जिल्हाधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांनी मागणी केली तरच, आणि तेही संबंधित डॉक्टरांसमोर, त्या उघडल्या जातात.

माहिती सांभाळण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. एकीत ती जिथल्या तिथे राहते. ती चोरायची तर चोराला एकेका दवाखान्यात शिरावे लागेल. दुसरीत सगळ्यांची माहिती एका ठिकाणी जमा होते. तिथे एकच कुलूप तुटले, तर सर्वांचेच घर उघडे पडते.

गेल्या काही वर्षांत दुसरी तऱ्हा झपाट्याने वाढली. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’वर होते, गर्भवती आणि बाळांची माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर होते आणि नागरिकांसाठी चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आला. यामागचा हेतू चांगला आहे. क्षयाच्या रुग्णाने औषध अर्ध्यावर सोडू नये, बाळाची लस चुकू नये, साथ वेळेत कळावी, यासाठी नोंदी लागतातच. रोगांवर पाळत ठेवणे हे सार्वजनिक आरोग्याचे जुनेच काम आहे. पण हेतू चांगला असला म्हणून तिजोरी आपोआप मजबूत होत नाही.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. देशातील सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयात केसपेपर, भरती आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांचे काम पुन्हा कागद-पेनावर आले. जुना अहवाल समोर नसताना उपचार ठरवणे किती अवघड असते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणजे माहितीची सुरक्षा हा रुग्णाच्या सुरक्षेचाच भाग आहे.

जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका बॉटवर मोबाइल क्रमांक टाकला की कोविड लस घेतलेल्याचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि लसीकरण केंद्र दिसू लागले. ‘कोविन’ पोर्टल सुरक्षित असल्याचे आरोग्य मंत्रालयाने सांगितले. त्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला अटक केली.

काही वेळा तर कुलूप तोडण्याचीही गरज पडत नाही. जर्मनीच्या ग्रीनबोन नेटवर्क्स या कंपनीने २०२० च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालानुसार, भारतीय रुग्णांचे एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय नावानिशी इंटरनेटवर उघडे पडले होते. त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. राज्यातील तीन लाखांहून अधिक तपासण्या त्यात होत्या.

एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो. एचआयव्हीचा अहवाल, मानसिक आजाराची नोंद किंवा गर्भपाताचा इतिहास बदलता येत नाही. फिनलंडमध्ये २०२० साली मानसोपचार केंद्रांच्या नोंदी चोरणाऱ्याने थेट रुग्णांनाच धमक्या देऊन पैसे मागितले. अशा भीतीचा परिणाम दवाखान्यात दिसतो. आपली गोष्ट बाहेर फुटेल असे वाटले, की रुग्ण आजार लपवतो, तपासणी टाळतो, खोटा पत्ता देतो. मग ज्या नोंदीसाठी एवढा खटाटोप केला, तीच चुकीची ठरते.

एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने गुप्ततेला कायद्याचे बळ दिले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणून तिजोरी कशी बांधायची, हा प्रश्न केवळ कायद्यावर सोडून चालणार नाही.

उपाय साधे आहेत. लागेल तेवढीच माहिती घ्यावी. नाव आणि आजार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. कोणी, केव्हा, कोणाची नोंद पाहिली याची आपोआप नोंद व्हावी. एकाच लॉगिनवर साऱ्या विभागाचे काम चालू नये. गरज संपली की माहिती पुसावी आणि सर्व्हर बंद पडला तरी वॉर्ड चालू राहील अशी सोय असावी.

नागरिकांनीही ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी हवा, हे विचारावे. ‘आभा’ क्रमांक काढणे ऐच्छिक आहे आणि त्याला जोडलेल्या नोंदी दाखवायच्या की नाही, हे रुग्णाने ठरवायचे असते. अहवालांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत.

मुली वाचवण्यासाठी पाळत आवश्यक होती, हे कोल्हापूरने पटवून दिले. ती पाळत सर्व्हरवर न साठवता, जबाबदार माणसांसमोरच उघडता येते, हेही इथल्याच एका छोट्या उपकरणाने दाखवले आहे. नवे पोर्टल उभारताना त्याची आठवण ठेवायला हवी.