थेंबांनी कोरलेली गुहा

अजिंठा-वेरूळची सहल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. ती लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरली. पण केवळ पाण्याने कोरलेली गुहा पाहायची असेल, तर आंध्र प्रदेशात नंद्याल जिल्ह्यातील बेलमला जायला हवे. 'बेलम' हे नाव संस्कृत 'बिल' या शब्दावरून आले. आपले 'बीळ' त्याच घरातले!

सपाट माळावर विहिरीसारखे विवर दिसते. जिन्याने खाली उतरले की चुनखडीच्या खडकातील बोगदे आणि दालने सुरू होतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८४ मध्ये या गुहेची नोंद केली. १९८२-८३ मध्ये जर्मन संशोधकांनी तिची सविस्तर पाहणी केली. गुहेची लांबी ३,२२९ मीटर आहे. 'पाताळगंगा' ही सर्वांत खोल जागा प्रवेशद्वाराच्या ४६ मीटर खाली आहे.

एवढा कठीण दगड पाण्याने कसा कोरला? उत्तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घाला. निवळी दुधाळ होते. हे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडीतील मुख्य द्रव्य. तसेच फुंकत राहा. आता दुधाळपणा नाहीसा होतो. जादा कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पाण्यात विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. हे द्रावण उकळा. वायू निघून जातो आणि द्रावण पुन्हा गढुळते.

गुहेतही हेच घडते. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कार्बन डाय-ऑक्साइड घेते आणि खडकाच्या भेगांत शिरून चुनखडी विरघळवते. भेगांचे बोगदे होतात. पुढे छताला लोंबणाऱ्या थेंबातून वायू निसटतो आणि कॅल्साइटचा सूक्ष्म थर मागे राहतो. थरावर थर चढून अधोमुखी लवणस्तंभ बनतो. खाली थेंब पडतात तेथे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून तेथे अशा गुहा आढळत नाहीत.

ही वाढ फार सावकाश होते, बहुधा वर्षाला मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे पाच सेंटीमीटरला सुमारे पाचशे वर्षे!

बेलमच्या एका दालनातील लवणस्तंभांवर टिचकी मारली की धातूसारखा नाद उमटतो. मोह होणारच. पण आघाताने स्तंभ तुटू शकतो आणि नुसत्या स्पर्शानेही बोटांचा तेलकटपणा पृष्ठभागाला लागून पुढची वाढ खुंटते.

परीक्षानळीतला प्रयोग फसला, तर दहा मिनिटांत पुन्हा करता येतो. गुहेतला प्रयोग पुन्हा मांडायला हजारो वर्षे लागतील. तेव्हा बेलमला गेलात, तर डोळे भरून पाहा. हात मात्र पाठीशी बांधा!